अण्वस्फोटांचा हिशेब : दिल्ली, 1956

शिक्षण आयोगामुळे दौलतसिंह कोठारी हे नाव देशभर परिचित झाले. त्याच्या दशकभर आधी, 1956 मध्ये, त्यांच्या हातून सिद्ध झालेले एक पुस्तक मात्र आज क्वचितच कुणाच्या वाचनात असते. विषय : अण्वस्फोट आणि त्यांचे परिणाम. प्रकाशक भारत सरकार, प्रस्तावना पंतप्रधान नेहरूंची, आणि लेखक चक्क संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार.

या पुस्तकाचे मूळ बिकिनी प्रवाळद्वीपावर आहे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने तेथे घेतलेल्या ‘कॅसल ब्राव्हो’ चाचणीतून सुमारे 6 मेगाटन ऊर्जा अपेक्षित होती; निघाली 15 मेगाटन, हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळजवळ हजारपट. इंधनातील लिथियम-7 निष्क्रिय राहील, असे गृहीत धरले गेले होते. वेगवान न्यूट्रॉनांनी ते फोडले आणि त्यातून ट्रिटियम, म्हणजे संलयनाचे आणखी इंधन, तयार झाले. प्रवाळाची पांढरी किरणोत्सारी राख राँगलॅप बेटाच्या रहिवाशांवर पडली, तशीच घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवरही. नौकेवर 23 जण होते. त्यांच्यापैकी रेडिओचालक आइकिची कुबोयामा यांचा सप्टेंबरात मृत्यू झाला.

2 एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे परिणामांच्या शास्त्रीय अभ्यासाचे काम कोठारींकडे आले. होमी भाभा आणि मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांचे त्यांना साहाय्य लाभले. श्वेतबटू ताऱ्यांतील प्रचंड दाबाखालच्या द्रव्याचा अभ्यास केलेल्या कोठारींना स्फोटाचे गणित अवघड नव्हते. खरा प्रश्न स्फोटानंतरचा होता. स्ट्रॉन्शियम-90 रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखे वागते. गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून वाढत्या मुलाच्या हाडांत जाऊन बसते. त्याचा अर्धायुकाल सुमारे 29 वर्षे. चाचण्यांचा धोका नगण्य आहे, असा अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचा सूर असताना एका नवस्वतंत्र देशाने हा हिशेब स्वतः करून छापला, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. भारताने 1963 च्या आंशिक चाचणीबंदी करारावर सही केली. मग ऑक्टोबर 1964 मध्ये चीनने पहिला अणुस्फोट केला आणि आठच दिवसांनी भाभा आकाशवाणीवरून बोलले. निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या त्या भाषणातच 10 किलोटनांच्या स्फोटाला सुमारे 17.5 लाख रुपये लागतील, असा आकडा होता. लोकांच्या ध्यानात राहिला तो आकडाच. कोठारींच्या पुस्तकातले दूध आणि हाडे त्या चर्चेत फारशी आली नाहीत.

पोखरणच्या 1998 मधील चाचण्यांच्या स्मरणार्थ 11 मे हा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन म्हणून साजरा होतो. अधिवेशन चालू असेल, तर 6 ऑगस्टला लोकसभा हिरोशिमाच्या मृतांसाठी मौन पाळते.