धोकटीतील मशीन व त्याची पाती

आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी सहसा प्रतापगडाच्या पायथ्याशी जाऊन थांबते. इ. स. १६५९ मधील जिवाजी महाला यांचा पराक्रम व १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्याप्रसंगी शिवा काशीद यांनी केलेले प्राणार्पण यांचा अभिमान कोणास नाही? परंतु ज्या हत्यारांवर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चुली पेटल्या, त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. आम्ही जन्मभर हाती खडू धरला. तथापि घरी वडीलधाऱ्यांच्या काखेस धोकटी होती, म्हणून हे चार शब्द.

जुन्या धोकटीत वस्तरा, कात्री, फणी, नराणी, आरसा, चिमटा, पाण्याची वाटी व धार लावण्याचा दगड एवढाच संसार असे. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगात आरशास व चिमट्यास परमार्थाचा अर्थ दिला, तो याच संसारातून. या हत्यारांस सुटे भाग जवळजवळ नसतच. वस्तरा बोथट झाला तर दगड होता, चामड्याचा पट्टा होता. बलुत्याचे धान्य उशिरा येवो वा कमी येवो, वारकास धारेसाठी कोणाचे तोंड पाहावे लागत नसे.

हातमशीन आले आणि हे स्वावलंबन संपले. एकोणिसाव्या शतकात परदेशात रूढ झालेले हे यंत्र म्हणजे दातेरी पात्यांचा जोड, एक स्प्रिंग व मधला स्क्रू. खालचे पाते स्थिर, वरचे सरकते. स्प्रिंग तुटली की सगळे यंत्र निजले! मशीन पुष्कळदा बाजाराच्या दिवशी शिकलगाराकडे जाई. तेथे एक घोटाळा नेहमी होई. कानस दातांच्या टोकांवर फिरे. वास्तविक धार असते ती एकमेकांवर घासणाऱ्या सपाट बाजूंच्या कडेस. त्या बाजू सपाट नसतील तर केस कापला न जाता दोन पात्यांत सापडून ओढला जातो, आणि गिऱ्हाईक खुर्चीतून उठू पाहते.

विजेचे मशीन पुढचे. अमेरिकेतील स्टर्लिंग गावच्या लिओ वॉल यांनी १९१९ साली विद्युच्चुंबकावर चालणारे हातात मावेल असे मशीन सिद्ध केले. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनांचा, म्हणून अशा मशीनचा चुंबक सेकंदास शंभर वेळा ओढ घेतो. तिकडचे प्रवाह साठ आवर्तनांचे व १२० व्होल्टचे. सबब परदेशस्थ भाच्याने प्रेमाने आणलेले मशीन आपल्या २३० व्होल्टच्या खटक्यात थेट खुपसू नये, ते जळेल. मधे ट्रान्सफॉर्मर घातला तरी त्याची चाल बिघडतेच.

निजामी राजवट १९४८ साली संपली, बलुते हळूहळू मागे पडले, गावोगाव दुकाने झाली. १९८१ साली जालना जिल्हाही झाला. आज जालन्याच्या कारखान्यांतून लोखंडी सळ्या टनांनी बाहेर पडतात, परंतु आपल्या दुकानांतील पात्यांवर शिक्के परगावचेच दिसतात! परतूर तालुक्यातील एका तरुण ज्ञातिबंधूने ऐन लग्नसराईत उसनवारी करून नवे मशीन घेतले. जुने आम्ही पाहिले. त्याचा चुंबक ठणठणीत होता, झिजली होती ती केवळ पाती. मशीनच्या किमतीच्या एका अंशात ती मिळाली असती. विक्रेत्याने ते सांगितले नाही, आणि त्याला विचारावयाचे ठाऊक नव्हते. आमचे खरे दुःख हे आहे. धार लावण्याची विद्या ज्यांच्या घरची, त्यांची मुले आज पात्याचा जोड ओळखीत नाहीत.

तेव्हा जोड घेताना जुना जोड बरोबर न्यावा. स्क्रूच्या दोन भोकांमधील अंतर, दातांची रुंदी व मशीनचा दांडा ज्यात बसतो ती खाच, ही तिन्ही जुळली पाहिजेत. एकच पाते बदलण्याची काटकसर करू नये. झिजलेल्यावर नवे नीट टेकत नाही. पात्यावरील आकड्यांत शून्ये वाढतील तसा केस बारीक. तीन शून्यांचे पाते साधारण अर्धा मिलिमीटर केस राखते. कारखान्यागणिक थोडा फरक असतो.

बसविताना वीज काढून ठेवावी, जुने केस झाडावेत, स्क्रू प्रथम सैल ठेवावेत. सरकत्या पात्याच्या दातांची टोके स्थिर पात्याच्या टोकांपासून सुमारे एक मिलिमीटर आत व दोन्ही बाजूंस समांतर असावीत. पुढे आली तर कातडीस लागतील, फार मागे राहिली तर काम संथ होईल. बारकाईच्या हौसेने हल्ली पुष्कळ जण टोके अगदी भिडवितात. मानेवरचे ओरखडे त्यातूनच येतात, आणि ते केवळ सौंदर्याचे प्रकरण नसून रक्ताचे आहे, हे विसरू नये. मग स्क्रू आळीपाळीने आवळावेत, तेलाचे दोन थेंब द्यावेत, थोडा वेळ मशीन नुसते चालू ठेवावे. खडखड ऐकू आली तर चुंबकाचा बाजूचा स्क्रू किंचित फिरवून ती घालवावी.

आमचे वडील धार दिलेला वस्तरा प्रथम आपल्याच मनगटावरील लवेवर फिरवून पाहत. नवे पातेही तसेच पाहावे, आणि मगच गिऱ्हाइकास खुर्चीवर बसवावे.