गावची खोली आणि बाईमाणूस

१९९९ च्या मार्चात थोरलीची दहावी झाली. मी स्वतः दहावीला थांबलेला माणूस. पोरीनं बरोबरी केली म्हणून खुशीत बोलून गेलो, "माग काय पायजे ते." मला वाटलं, फार तर घड्याळ मागंल. तिनं मुंबई मागितली. धाकटी तेव्हा आठवीत. तीही लगेच तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

दोघींनी वहीच्या शेवटच्या पानावर यादीसुद्धा करून ठेवली होती. समुद्र, गेटवे, राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, दोन मजली बस. आणि सगळ्यांत खाली थोरलीच्या अक्षरात, 'आबांची गिरण'. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पाऊस डोंगराच्या पलीकडं पडतो, आमच्या वाट्याला वारा येतो. त्यामुळं मुंबई आम्हाला कधी लांब नव्हती. पहिली आगगाडी १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावली, आणि दुसऱ्याच वर्षी कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. आमच्या गावातला पहिला माणूस कधी गेला ते कुठं लिहिलेलं नाही. म्हातारी माणसं सांगायची, प्लेगाच्या आधी. म्हणजे १८९६ च्या आधी. त्या प्लेगात मुंबईतली माणसं पळून गावाला आली आणि साथ ओसरल्यावर परत गेली. तेव्हापासून हे येणंजाणं चालूच. पीक बुडालं की मुंबई, सावकार दारात आला की मुंबई. बहात्तरच्या दुष्काळात तर माझ्या वर्गातली चार मोठी पोरं एका आठवड्यात गेली. खडी फोडण्यापेक्षा बदली कामगार झालेलं बरं, असा हिशेब.

मुंबईत उतरायचं कुठं हा प्रश्न कुणालाच पडायचा नाही, कारण गावची खोली होती. डिलाईल रोडला बीडीडी चाळीत. आता त्या रस्त्याला ना. म. जोशींचं नाव आहे, पण आमच्या गावात अजून कुणी तसं म्हणत नाही. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांत मिळून. तिच्यात एका वेळेला पंचवीस-तीस माणसं 'राहायची'. राहायची म्हणजे काय, तर पहिल्या पाळीचा कामाला गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. प्रत्येकाला एक ट्रंक आणि एक खुंटी. महिन्याची वर्गणी ठरलेली. त्यातूनच उरलेल्या पैशातून गावच्या देवळाचा सभामंडप झाला, तालमीला फरशी आली. जेवण खानावळीत, आंघोळ मोरीत, झोप जमली तर व्हरांड्यात. आबा तिथं तीस वर्षं राहिले. वर्षातनं दोनदा गावी यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. ट्रामच्या गोष्टी सांगायचे. ६४ साली ट्राम बंद झाली, पण आबांच्या गोष्टीत ती चालूच होती.

म्हणून पोरींना मी म्हटलं, राहायची काही काळजी नाही. आणि चैत्राच्या जत्रेला मुंबईकर मंडळी आली तेव्हा त्यांच्या सेक्रेटरीला विचारलं. तो मान खाजवायला लागला.

"तू ये की. दहा दिस ऱ्हा. पन बाईमाणूस म्हंजी… खोलीत आजपातुर बाईमाणूस उतारल्यालं न्हाई."

मी म्हटलं, कधीच न्हाई?

"कधीच न्हाई. कुठं झोपवायचं तुला म्हायती हाय का?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतः त्या खोलीत तीनदा जाऊन राहिलो होतो. गावच्या खोलीला गावातल्या निम्म्या माणसांना बंदी आहे, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळलं, तेही दोन पोरींचा बाप झालो म्हणून.

मग लॉजचा विचार केला. एक बोकड विकून आलेले पैसे आणि थोडे कांद्याचे, एवढंच खर्चाला होतं. लॉजचा भाव ऐकून वाटलं, तीन दिवसांत दुसरा बोकड लागेल. त्यात घरात वेगळंच चाललेलं. पोरींची आई कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं खुणा करायची. मी विचारलं, कसल्या खुणा? म्हणाली, "तुमाला काय करायचंय? अठरा तारखंच्या पुढं जायचं न्हाई, एवढं ध्येनात ठेवा." मी तेवढं ध्यानात ठेवलं. प्रवास, चाळीतला संडास, पाणी पहाटे येणार की दुपारी, याचा विचार तिनं माझ्या आधी करून ठेवला होता. मी फक्त गाड्यांच्या वेळा काढत होतो आणि रोहिणी निघायच्या आत परत आलं पाहिजे म्हणून दिवस मोजत होतो.

सगळ्यांत मोठी आडकाठी आईची. "वयात आलेल्या पोरी घिऊन मुंबैला? लोकं काय म्हनत्याल?" मी म्हटलं, आबा तीस वर्षं होते तिथं, तेव्हा लोक काय म्हणाले? ती म्हणाली, "बापय गेला तर पैसं आनतो. बाय गेली तर नाव जातं."

हे वाक्य तिचं नव्हतं. ते कुणाचं होतं ते मला दोन दिवसांनी कळलं.

थोरली रात्री आजीपाशी झोपायची. तिनं काय विचारलं, आजीनं काय सांगितलं, मला माहीत नाही. पण एका सकाळी आईनं आपली पत्र्याची पेटी उघडली आणि एक मळकं पोस्टकार्ड माझ्यापुढं टाकलं. आबांच्या बाराव्याला आलेलं. मागं पत्ता लालबागचा. लिहिणाऱ्या बाईचं नाव मी लहानपणी एकदाच ऐकलं होतं आणि ऐकल्याबद्दल पाठीत रट्टा खाल्ला होता.

ती आबांची चुलत बहीण, म्हणजे माझी आत्या. विसाव्या वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी जमिनीचं नाव काढू दिलं नाही, माहेरी भावांच्या बायका. १९४७ साली एका पहाटे ती ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईला गेली आणि गिरणीत रिळाच्या खात्यात लागली. गावानं तिचं नाव टाकलं. 'बाय गेली तर नाव जातं' हे तिच्या भावानं पारावर म्हटलं होतं.

पुढं तालुक्याच्या वाचनालयात मी याबद्दल वाचत गेलो, तेव्हा कळलं की आत्या काही एकटी नव्हती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागं साधारण एक बाई होती. नळीखातं, रीळखातं बायकांनीच चालवलं. त्यांतल्या कितीतरी विधवा नाहीतर टाकलेल्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला, बायकांना रातपाळी बंद झाली, नवी यंत्रं आली, आणि मालकांना बायका परवडेनाशा झाल्या. खाती बारीक होत गेली. आत्यालाही साठ-पासष्टच्या सुमाराला घरी बसवलं. ती घरी बसली आणि खानावळ चालवायला लागली.

जेवायला कोण? तर डिलाईल रोडच्या खोलीतली आमची माणसं. ज्या भावानं पारावर ते वाक्य टाकलं होतं, त्याचा मुलगासुद्धा. आबा तर पहिल्यापासून. सगळा गाव पंधरा-सोळा वर्षं तिच्या हातची भाकरी खात होता आणि जत्रेला आल्यावर गावात एकाच्याही तोंडून तिचं नाव निघत नव्हतं. आई म्हणाली, "मला ह्येंनी मरायच्या आधी आठ दिस सांगितलं. म्हनं, तिचं आपल्यावर लई हाय." आईनं पाच वर्षं ते कार्ड पेटीत ठेवलं होतं. "लिव्ह तिला," म्हणाली. "म्हनावं, पोरी येत्यात. आन म्हनावं, मी बी येती."

माझी आई तेव्हा पासष्टच्या पुढची. सातारा सोडून पलीकडं गेली नव्हती.

आठ दिवसांत उत्तर आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, तीन ओळी. पाणी पहाटे चारला येतं, भांडी हाहेत, पिठाचा डबा आणा.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही साताऱ्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. जाण्याचं वर्णन करत नाही. पाच माणसं, दोन पिशव्या, पिठाचा डबा, आणि रात्रभर खिडकीवरून दोघींची भांडणं. पहाटे दादरला उतरलो.

आत्या जिन्यातच उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटकुळी, नाकात मोरणी. आई पाया पडायला वाकली तशी तिनं मधेच धरली. "वैनी, म्हातारी झालासा की." आई म्हणाली, "वन्सं, तुमी बी." मग दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पोरी कट्ट्यावर बसून खालचा रस्ता बघत होत्या.

त्या तीन दिवसांत पोरींची यादी पुरी करायची म्हणून मी घाई करायचो, पण रात्री जेवणं झाली की आत्या बोलायला लागायची आणि पोरी हलायच्या नाहीत. रविवारची सुट्टी कशी मिळाली ते तिनं सांगितलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मालकांशी भांडून १८९० साली ती मिळवली, आणि रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला. धाकटीला हे फार आवडलं. तिला वाटायचं, रविवार पहिल्यापासूनच असतो.

ब्याऐंशीचा संप मात्र तिनं तुटक तुटक सांगितला. १८ जानेवारीला सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. "आट दिसांत मिटंल म्हनली. मी म्हनलं, जेवा, पगार झाल्यावर द्या." पगार झालाच नाही. वाण्याची उधारी तिच्या नावावर चढत गेली. गिरणगावातल्या कितीतरी खानावळवाल्या बायकांचं असंच झालं. पूर्वी या बायका सावकाराकडं भांडी गहाण टाकायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हापासून बँकेचं कर्ज मिळायला लागलं होतं. आत्यानंही ते घेतलं होतं. संपात ते कर्ज आणि उधारी दोन्ही अंगावर आलं. तिनं पाटल्या मोडल्या. माणसं एकेक करून गावाला गेली. आबा ट्रंक घेऊन घरी आले ते आम्हाला आठवतंय, पण कुणाचं देणं ठेवून आले ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

"आमचं किती ऱ्हायलंय?" आईनं विचारलं.

"तुमचं काय बी न्हाई. भाऊ फेडून गेला. चार वरसं मनिऑर्डर यायची, थोडी थोडी."

मला ब्याऐंशी ते शहाऐंशी ती वर्षं आठवली. घरात तेल नसायचं. आबा दर महिन्याला एकटेच पोस्टात जायचे आणि आई त्यांच्याशी भांडायची, की गिरणीचा हिशेब मिळत नाही तर पोस्टात काय काम? मी आईकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याच म्हणाली, खोली बघून या. मी आधी निरोप धाडला. खोलीत तेव्हा नवी पोरं होती, कुणी माथाडी, कुणी वॉचमन. आम्ही आलो तशी ती सगळी गॅलरीत जाऊन उभी राहिली, एक उघडाच होता तो शर्ट शोधत होता. आई उंबऱ्याशी थांबली. पोरी तिच्या मागं. धाकटीनं वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "दादा, एवढीच?"

गावचा एक जुना गडी अजून तिथं टिकून होता. आईनं त्याला विचारलं, "ह्येंची ट्रंक कुठं असायची?" त्यानं माळ्याखालचा कोपरा दाखवला. आई आत गेली, खाली बसली, आणि तिथली फरशी वितीनं मोजली. लांबीला दोन विती, रुंदीला दीड. मग भिंतीवरच्या खुंट्यांकडं बघितलं. कुठली, ते तिनं विचारलं नाही.

थोरलीनं यादीतल्या 'आबांची गिरण' वर काट मारली. गिरणीचं फाटक बंद होतं, ते आम्ही आदल्या दिवशी बाहेरून बघितलं होतं.

आई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "चला गं, ते मासं बघायचं ऱ्हायल्यात न्हवं?"