तळटीप : साखळीबोट
* साखळीबोट : हा शब्द मूळ लेखक सहज वापरून पुढे जातो, पण त्यामागची अडचण समजून घ्यायला हवी. १८०३ साली स्कॉटलंडच्या फोर्थ-क्लाइड कालव्यात विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडस’ या वाफेच्या बोटीने समोरून वारा असतानाही ७०-७० टनांचे दोन पडाव सुमारे ३१ किलोमीटर ओढून नेले. तरीही कालव्याच्या मालकांनी ती नाकारली, कारण बोटीच्या चाकाने उसळणाऱ्या लाटांनी कालव्याचे मातीचे काठ ढासळतील, ही भीती. ती खोटी नव्हती. साखळीची युक्ती पुढे निघाली आणि मला ती फार सुंदर वाटते. तळाशी लांबच लांब लोखंडी साखळी टाकलेली असते. ती बोटीच्या नाळेवरून वर येते, इंजिनाने फिरणाऱ्या पिंपांना रहाटाच्या दोरासारखे वेढे घेते आणि मागून पुन्हा पाण्यात सुटते. बोट पाणी कापत ढकलली जात नाही, साखळी धरून स्वतःला पुढे खेचते. त्यामुळे पाणी फारसे ढवळत नाही. कालव्याच्या बोगद्यात मात्र वाफेच्या इंजिनाचा धूर कोंडतो. म्हणून फ्रान्समधल्या रिकेव्हालच्या ५,६७० मीटर लांब बोगद्यात विसाव्या शतकाच्या आरंभी साखळी तीच ठेवून विजेची बोट आली.
— संपादक