आरंभाचा वाद आणि पुढची इयत्ता

मुरगुडात वेदगंगेकाठच्या एखाद्या घरी वाटणीचे बोलणे निघाले, की जमीन, वारस, दस्त, इनाम, महसूल हे शब्द ओळीने येतात. हे सारे फार्सी-अरबीतून आलेले. बोलणाऱ्याच्या मनात मात्र ते मराठीच असतात. परभाषा आपल्या घरात किती खोलवर राहते, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको. तरीही शाळेत घेतलेली परभाषा विद्यार्थ्याने वरच्या इयत्तांत पुढे चालवावी काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर आम्ही वेळापत्रकात न शोधता इतिहासात शोधू पाहतो.

आपल्या भाषाविषयक वादांचा भर नेहमी आरंभावर राहिला. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा निकड अक्षरओळखीची होती आणि ती योग्यच होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण घेतले होते. २००० साली महाराष्ट्राने तीच इंग्रजी पहिलीपासून आणली. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, वादळ उठले आणि २९ जून रोजी शासनाने तो मागे घेतला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच : भाषा कधी सुरू करावी? ती कोठवर न्यावी, हे विचारायचे राहूनच गेले.

ती दूरवर नेली म्हणजे काय घडते, याचे उत्तर कोल्हापुरातच आहे. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी फार्सीचा अभ्यास परीक्षेपुरता ठेवला नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ती शिकवली. १९२५ साली त्यांचा फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. त्याच काळात, १९३३ साली, 'गज्जलांजली' आली आणि गझलेचे वृत्तवैभव मराठीत रुजले. उत्तरायुष्यात हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कैवारी झाले. त्यांची ती भूमिका आम्हांला सर्वस्वी पटते असे नाही. परंतु तिला अधिकार होता. फार्सी शब्द मराठीतून काढावेत म्हणणारा माणूस त्या शब्दांचा कोशकार होता. परभाषेला विरोध करण्यासाठीही ती पुरती यावी लागते, हा या चरित्राचा धडा होय.

दुसरे उदाहरण सेतुमाधवराव पगडी यांचे. मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी मोगल साधने फार्सीत पडून होती. पगडींनी ती मराठीत आणली. फार्सी वर्णमाला आणि चार वाक्ये यांवर हे काम झाले नसते.

आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. लहान गावात शिक्षक मिळत नाही, पाच विद्यार्थ्यांसाठी वर्ग परवडत नाही, आणि शेतकऱ्याच्या मुलाला आधी नोकरीची वाट हवी असते. हे आक्षेप खोटे नाहीत. म्हणून प्रगत परभाषा सर्वांवर लादावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु भाषाशिक्षणात एक उंबरठा असतो. विद्यार्थी कोशाच्या आधाराने अनोळखी मजकूर स्वतः वाचू लागला, की भाषा त्याची होते. त्याच्या अलीकडे सोडलेली भाषा गुणपत्रिकेवर उरते आणि दोन वर्षांत विसरली जाते. गुणांसाठी परभाषा घ्यायची आणि गुण मिळताच सोडायची, ही आपली रीत नेमकी उंबरठ्यावरून परत फिरण्याची आहे. त्यात श्रम पूर्ण खर्च होतात आणि फळ हाती येत नाही.

तेव्हा पाच गावांच्या शाळांनी मिळून एक शिक्षक ठेवावा. पण ज्याला पुढे जायचे आहे त्याची वाट बंद करू नये. मुरगुडातल्या एखाद्या मुलीला उद्या आदिलशाही फर्मान मुळातून वाचावेसे वाटले, तर 'दस्त' आणि 'इनाम' हे शब्द तिच्यापाशी आधीपासूनच आहेत. पुढची इयत्ता तेवढी आपण तिला द्यायची आहे.