पाठ आणि प्रत

मी रायपूरच्या पंडरीतून बोलतोय. आमच्या कपडा बाजारातला एक तरुण दुकानदार दिवसभर मीटरने कापड मोजतो, आणि गिऱ्हाईक नसलं की त्याचे ओठ हलत असतात. तो हाफिज आहे. म्हणजे अख्खं कुराण, सगळ्या ११४ सूरा, त्याला तोंडपाठ आहेत. मी विचारलं, "आता कुराण मोबाईलवरही आहे, मग एवढा खटाटोप कशाला?" तो हसला. "काका, रोज म्हटलं नाही तर निसटतं."

ही निसटण्याची भीती जुनी आहे. मुहंमद पैगंबरांच्या हयातीत आयती लोकांना पाठ होत्या. चामड्यावर, हाडांवर, खजुराच्या झावळ्यांच्या देठांवर लिहिलेल्याही होत्या. पण सगळं एका जागी बांधलेलं नव्हतं. इ.स. ६३२ मध्ये पैगंबर वारले आणि लवकरच यमामाच्या लढाईत अनेक पाठक मारले गेले. परंपरा सांगते, उमर यांनी खलिफा अबू बकर यांना गाठलं: पाठक असेच गेले तर? अबू बकर आधी कचरले. जे पैगंबरांनी केलं नाही, ते आपण कसं करावं? शेवटी काम जैद बिन साबित यांच्याकडे आलं. जैद यांना स्वतःला पाठ होतं, तरी त्यांनी एकट्याच्या स्मरणावर भिस्त ठेवली नाही. लिहिलेलं आणि लोकांच्या मुखातलं, दोन्ही ताडून पाहिलं. पुढे साधारण वीस वर्षांनी खलिफा उस्मान यांनी प्रती करवून शहरोशहरी पाठवल्या.

मग पाठकांचं काम संपलं का? नाही. तेव्हाच्या अरबी लिपीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या, अक्षरांवरचे ठिपकेही क्वचित. आपली मोडी आठवा. ऱ्हस्व की दीर्घ, हे संदर्भानेच ओळखावं लागतं. नुसती प्रत हाती असून भागत नव्हतं. कसं वाचायचं, ते सांगणारा लागायचा.

आपल्या माहीमच्या दर्ग्यात मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या हातची मानली जाणारी कुराणाची प्रत जपलेली आहे. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्यही लिहिलं. प्रत अशी शतकानुशतकं टिकते. पाठ मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो.

रमजानात तरावीहच्या नमाजात हाफिज न बघता कुराण म्हणतो. मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. चूक झाली की तिथल्या तिथे सुधारतो. यंदा ते मागे उभं राहणं आमच्या दुकानदाराकडे आहे. म्हणून कापड मोजतानासुद्धा त्याची उजळणी चालू असते.