जळोचीत पाहिलेले आयरिश नृत्य

पास्काकाळात घरे आशीर्वादित करण्यासाठी मी जळोचीला गेलो होतो. जळोची पूर्वी बारामतीच्या वेशीबाहेरचे स्वतंत्र गाव होते, आता ते नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे. औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी आपली काही कुटुंबे तेथे राहतात. त्यांतील बहुतेकांचे मूळ अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. शेवटच्या घरी पवित्र पाणी शिंपडून झाले, प्रार्थना झाली आणि मी उठू लागलो, तोच घरच्या आजी म्हणाल्या, "फादर, चहा घेतल्याबिगर जायचं नाही." चहा होईपर्यंत नातवाने दूरदर्शन संच सुरू केला. या घरची थोरली नात डब्लिनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने नाताळात आलेल्या कुणाबरोबर एक तबकडी धाडली होती. 'रिव्हरडान्स' या आयरिश नृत्यप्रयोगाचे ते चित्रीकरण होते.

मी चहापुरता बसलो होतो, तो शेवटपर्यंत बसलो. पडद्यावर एका ओळीत तीसेक मुले-मुली उभी होती. धड ताठ, हात दोन्ही बाजूंना सरळ खाली, चेहरे समोर आणि पाय मात्र विजेसारखे. बुटांच्या टाचा लाकडी फळीवर अशा आपटत होत्या की, वाद्ये थांबली तरी ताल थांबत नव्हता. ऐंशी ओलांडलेल्या आजी खाली चटईवर बसून पाहत होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, ह्यांच्या पायात हलगी हाय."

या एका वाक्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

प्रथम त्या प्रयोगाविषयी. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोपीय देशांची वार्षिक गीतस्पर्धा भरली होती. गाणी संपून गुणमोजणी सुरू होईपर्यंतचा रिकामा वेळ भरण्यासाठी सुमारे सात मिनिटांचे एक नृत्य सादर झाले. संगीत बिल व्हेलन यांचे होते, गायन 'अनूना' या वृंदाचे, आणि नृत्यात अग्रभागी मायकल फ्लॅटली व जीन बटलर होते. ती सात मिनिटे संपताच प्रेक्षागृह उठून उभे राहिले, आणि स्पर्धेतील गाण्यांपेक्षा त्या मधल्या वेळाचीच चर्चा जास्त झाली. निर्मात्या मोया डोहर्टी आणि दिग्दर्शक जॉन मॅकोल्गन यांनी त्याचा पूर्ण प्रयोग बांधला. तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याच रंगमंदिरात सुरू झाला. त्यात आयरिश पदन्यासाबरोबर स्पेनचे फ्लॅमेंको, रशियन लोकनृत्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे टॅप नृत्य यांनाही स्थान दिले होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फ्लॅटली यांचा जन्म शिकागोचा आणि बटलर यांचा न्यूयॉर्क राज्यातला. आयर्लंडचे नृत्य आयर्लंडला ज्यांनी परत दिले, ती परदेशी गेलेल्यांची लेकरे होती. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. जाणाऱ्यांजवळ सामान फारसे नव्हते. नाच मात्र पायांतच होता, तो नेण्यास भाडे पडले नाही.

नातवाने मला विचारले, "फादर, हे हात का हालवत नाहीत?" या प्रश्नाला आयर्लंडमध्ये दहा उत्तरे मिळतात. त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय उत्तर आम्हां धर्मगुरूंना फारसे सुखावणारे नाही. धर्मगुरूंनी अंगविक्षेपाला बंदी केली, म्हणून लोक हात बांधून नाचू लागले, असे ते सांगते. दुसरे एक उत्तर असे की, खिडकीबाहेरून जाणाऱ्या इंग्रज शिपायाला घरात नाच चालला आहे हे कळू नये, यासाठी कमरेच्या वरचा भाग स्थिर ठेवीत. या दोन्ही कथांना भक्कम पुरावा नाही. अठराव्या शतकात गावोगाव फिरणारे नृत्यशिक्षक होते. ते एका खेड्यात काही आठवडे मुक्काम करीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना पदन्यास शिकवीत. शरीर ताठ ठेवून पायांचे कौशल्य दाखवणे ही त्यांची शिस्त असावी असे मला वाटते. घरांची जमीन मातीची असे, तीवर पायांचा आवाज उठत नसे. तेव्हा चांगला नर्तक आला की, घराचे दार बिजागरीतून काढून खाली आडवे टाकीत आणि त्यावर तो नाचे. एवढ्याशा जागेत हात फेकायला वाव तरी कुठला? पुढे स्पर्धा सुरू झाल्या, परीक्षक आले, नियम आले आणि ती ढब कायमची ठरून गेली.

या नियमांची मुळे १८९३ साली सापडतात. त्या वर्षी डब्लिनमध्ये गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे पुत्र होते. पुढे १९३८ साली तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. इंग्रजी सत्तेखाली लोप पावत चाललेली भाषा आणि तिच्याबरोबर गाणी, खेळ, नाच यांचा उद्धार करणे, हा लीगचा हेतू होता. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, १८९३ हेच वर्ष पुण्यात लोकमान्य टिळकांनी पुरस्कारिलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचे आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण परक्या राज्यात स्वत्व कसे राखावे, या प्रश्नाला दोन्हीकडे एकच उत्तर सुचले : लोकांना एकत्र जमवा आणि त्यांना आपले असे काही गाऊ-नाचू द्या. टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग काढली तेव्हा ते नावही आयर्लंडच्याच चळवळीतले होते. पण उद्धारकही कधी कधी मारक ठरतात. खेड्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या जे चौकडीचे नाच नाचत होते, ते परकीय मूळाचे म्हणून लीगच्या कट्टर मंडळींनी त्याज्य ठरवले. त्यांचा स्वतःचा पहिला नृत्यमेळावा मात्र १८९७ साली लंडनमध्ये भरला होता!

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे येतो. येथे सौम्य शब्द वापरून चालणार नाही. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर तेथील बिशपांनी ६ ऑक्टोबर १९२५ रोजी मेनूथहून नृत्याविषयी एक निवेदन काढले आणि ते चर्चमधून वाचून दाखवण्यास सांगितले. देशी नृत्यांना त्यांचा विरोध नव्हता. परदेशातून आलेले युगुलनृत्य, रात्री उशिरापर्यंत चालणारी नाचघरे आणि देखरेखीचा अभाव यांवर त्यांचा रोख होता. मुलामुलींच्या नीतीविषयी त्यांना खरी काळजी होती, हे मी नाकारत नाही. परंतु काळजीतून कायदा निघाला. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने न्यायालयाच्या परवान्याशिवाय सार्वजनिक नाच भरवणे हा गुन्हा ठरला. कायदा सार्वजनिक नाचांसाठी होता. काही धर्मगुरूंनी व पोलिसांनी मात्र तो घरांत आणि चौरस्त्यांवर जमणाऱ्या मेळ्यांनाही लावला. वादक सारंगी खुंटीला अडकवून घरी बसले. खेड्यातील स्वयंपाकघरांतून शेकडो वर्षे चालत आलेला नाच पुष्कळ ठिकाणी एका पिढीत थंडावला.

त्याआधी १९३३ साली लीट्रिम परगण्यातील जिमी ग्राल्टन या माणसाला त्याच्याच देशातून हद्दपार करण्यात आले. त्याने आपल्या गावी एक सभागृह बांधले होते. तेथे वर्ग चालत, सभा होत आणि नाचही होत. तो साम्यवादी विचारांचा होता आणि अमेरिकेचा नागरिक झालेला होता, हे निमित्त पुरले. त्याच्याविरुद्ध व्यासपीठावरून बोलणाऱ्यांत धर्मगुरू आघाडीवर होते. सभागृह आधीच, १९३२ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस, जाळले गेले होते. नाताळची पूर्वसंध्या! हे वाचताना मला माझा झगा जड वाटला.

आपल्याकडचा इतिहास याहून जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले तेव्हा ओवी हा छंद शुभवर्तमानासाठी पात्र आहे, असे त्यांनी कृतीने दाखवून दिले. त्यानंतर सव्वाशे वर्षे होण्यापूर्वीच, १७३६ साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले आणि ख्रिस्ती लग्नघरांतील ओव्या, देशी वाद्ये आणि अनेक घरगुती रीतिरिवाज यांवर बंदी घातली. एकाच ख्रिस्तसभेचा एक हात ओवी लिहितो आणि दुसरा ती पुसतो! तरीही गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील गाणे मेले नाही. एकोणिसाव्या शतकात तेथे मांडो बहरला.

नृत्याविषयीचा हा संशय ख्रिस्तसभेपुरताच आहे असे मात्र कोणी समजू नये. स्वातंत्र्यानंतर लवकरच बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी आणली होती. कलावंतांनी ओरड केल्यावर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि वग, लावण्या तपासून परवानगी देण्याचा मार्ग निघाला. शुचितेचा आग्रह धरणारे सर्वत्र सारखेच दिसतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान मंजूर केले आणि लोकांच्या परंपरांतील जे अंधश्रद्धेशी निगडित नाही ते स्वीकारण्यास दार उघडले. मुंबईत अंधेरीला फादर जॉर्ज प्रोक्श यांनी ज्ञान आश्रम उभारून बायबलमधील प्रसंग भारतीय नृत्यनाट्यात बसवले. त्यांच्याच संघाचे फादर फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण घेतले आणि ख्रिस्ती विषयांसाठी हस्तमुद्रा रचल्या. हे सर्व मला सेमिनरीत असताना ठाऊक होते आणि त्याचा अभिमानही होता. पण ते शास्त्रीय नृत्य होते. आजींनी नाव घेतले ते हलगीचे.

आजींचे वडील हलगी वाजवीत. गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बोलावणे आले की जायचे, मोबदल्यात शिळे अन्न घ्यायचे आणि मंडपाबाहेर उभे राहायचे. हलगी हे वाद्य होते तसेच जातीचे ओझेही होते. येशूसंघीय धर्मगुरूंकडून बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी त्यांनी हलगी आडाला टांगली, ती पुन्हा काढली नाही. मी विचारले, "फादरांनी मनाई केली होती का?" आजी म्हणाल्या, "कुणी न्हाई केली. बाप म्हणला, आता कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई." याच कारणाने १९५६ नंतर नवबौद्ध झालेल्या अनेक कुटुंबांनीही गावकीची कामे आणि त्यांबरोबरची वाद्ये टाकून दिली. येथे आयर्लंडची तुलना थांबते. तेथे नाच लोकांकडून काढून घेण्यात आला. येथे आपल्या वाडवडिलांनी तो स्वतः टाकला आणि टाकताना मान वर केली. ते त्यांचे स्वातंत्र्य होते. परिषदेचा हवाला देऊन "आपली संस्कृती परत आणा" असे त्यांच्या लेकीला सांगणे धर्मगुरूला सोपे असते. तेवढ्या सहजतेने ते मला आता सांगवत नाही.

दुसरीकडे, ताल या मातीतच आहे. आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर करीत इंदापूरकडे जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला घोड्यांचे. वारकरी टाळ-मृदंगावर पावली खेळतात, तेव्हा शंभर पाय एकदम पुढे येतात आणि एकदम मागे जातात. आपली मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहतात आणि नकळत त्यांचे पाय हलतात. पवित्र शास्त्रात मिर्यामने डफ घेतला, दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला आणि मीखलने खिडकीतून त्याला पाहून तुच्छ लेखले. मराठी बायबलमधला तो डफ आणि आडाला टांगलेली हलगी एकाच कुळातल्या आहेत.

हा प्रश्न आमच्या धर्मग्रामात सध्या प्रत्यक्ष उभा आहे. सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या सणाच्या मिरवणुकीत हलगीपथक असावे, असा अर्ज तरुण मंडळींनी दिला आहे. बँडपेक्षा ते स्वस्त आहे, आपले आहे आणि मुले स्वतः वाजवायला तयार आहेत. धर्मग्राम समितीतील दोन ज्येष्ठ सभासदांचा कडाडून विरोध आहे. त्यांपैकी एकांनी मला सांगितले, "ज्या हलगीपायी माझ्या आज्याला वेशीबाहेर राहावं लागलं, ती मतमाउलीच्या पुढं वाजवून काय मिळवायचं?" तरुणांचे म्हणणे असे की, आजोबांनी दुसऱ्याच्या दारात वाजवायचे सोडले, आम्ही आमच्या दारात वाजवणार आहोत. दोन्ही बाजूंकडे सत्य आहे. बैठक दोनदा होऊनही ठराव झालेला नाही.

त्या संध्याकाळी तबकडी संपल्यावर नातवाने आजींना विचारले, "हलगी कशी वाजवायची, तुला येते?" आजींनी जेवणाचे स्टीलचे ताट मागवले, डाव्या हाताने छातीशी धरले आणि कालवण ढवळायच्या पळीने त्यावर दोन-तीन ठोके दिले. मग थांबून त्या म्हणाल्या, "आवाज न्हाई निघत. कातडं तापवावं लागतं आधी." मुलगा म्हणाला, "मग तापवूया की." आजींनी ताट खाली ठेवले आणि मला म्हणाल्या, "फादर, तुमचा चहा निवला." इंदापूरला सात वाजताची मिस्सा होती, म्हणून मी तो तसाच पिऊन निघालो.