रेंज नसलेल्या जागी कॅम्पिंग: फोन आधी असा तयार करा

अमेरिकेत बीएलएम या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट तंबू ठोकता येतो, साधारण २८ दिवसांत १४ दिवस. यालाच डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. तिथे नळ, टॉयलेट नाही, अनेकदा रेंजही नाही. यूटामध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्या वाटेत माझा मॅप कोरा झाला, अंधारात कच्च्या रस्त्याने परत फिरावं लागलं.

आता मी वायफायवरच ऑफलाइन मॅप डाउनलोड करतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, निळा ठिपका दिसत राहतो. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, म्हणून एअरप्लेन मोड लावा. आणि कुठे जाताय, कधी परतणार, हे घरी कळवूनच निघा. अडकलात तर शोध तिथूनच सुरू होईल.